मोखाड्यातील श्रमदान शिबिर : मुंबईच्या एका तरुण संघाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतील एका मराठी भाषक प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाने पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याच्या एका पाड्यावर श्रमदान शिबिर नेले, त्याची ही नोंद आहे. मंडळी, पाडा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी झाले तो भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. त्या काळात मी तरुण संघाच्या सल्लागार समितीवर होतो, त्यामुळे बैठकांतील चर्चा मी प्रत्यक्ष ऐकली आहे.

मंडळीतील बहुतेक कुटुंबे मूळची अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर आणि सातारा या भागांतील. दोन-तीन पिढ्यांपूर्वी गिरण्या, रेल्वे, रुग्णालये आणि महापालिकेच्या शाळा यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने ती मुंबईत आली. तरुण संघात पंधरा ते तीस वयाचे सुमारे चाळीस सभासद आहेत. रविवारची उपासना संपल्यावर त्यांची बैठक होते. गायनपथक, नाताळची नाटिका, क्रीडादिन आणि वर्षातून एक सेवाभेट असा त्यांचा ठरलेला कार्यक्रम असे. सेवाभेट म्हणजे शहरातीलच एखाद्या वृद्धाश्रमात किंवा वसतिगृहात जाऊन गाणी म्हणायची, खाऊ वाटायचा आणि संध्याकाळी परत यायचे. या वर्षी मुंबईबाहेर जाऊन दोन-तीन दिवस राहून काहीतरी काम करावे, असा आग्रह तरुणांनीच धरला.

मोखाड्याची निवड ओळखीतून झाली. संघातील एका मुलीच्या काकांचे मित्र तिथल्या एका पाड्यावरील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजाची वस्ती तिथे आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी मुरत नाही, ते वैतरणा आणि तिच्या उपनद्यांतून वाहून जाते. मार्च उजाडला की विहिरी तळ गाठू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर हे तीन याच वैतरणेवर आहेत, हे संघातील बहुतेकांना ठाऊक नव्हते. शेती पावसावरची, एका पिकाची. भात, नागली आणि वरई निघाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडी, वसई आणि ठाण्याच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती शिमग्याला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परततात.

मूळ बेत

जुलैच्या बैठकीत ठरलेला बेत असा होता : डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, कॉलेजांच्या परीक्षा आटोपल्यावर, पस्तीस जणांनी बसने जायचे, शाळेच्या खोल्यांत दोन रात्री राहायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या, घरोघरी ब्लँकेटे आणि वापरलेले कपडे द्यायचे आणि शेवटच्या संध्याकाळी ख्रिस्तजन्माची नाटिका करून प्रीतिभोजनाने समारोप करायचा. शिक्षकांना दूरध्वनीवरून विचारले, त्यांनी आनंदाने होकार दिला. मंडळीत दानार्पणाचे आवाहन झाले आणि ब्लँकेटांसाठी पैसेही जमू लागले. एका कुटुंबाने नुकत्याच वारलेल्या आजीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दिली.

यातले काहीही वाईट हेतूने ठरलेले नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवावेसे वाटते. मुले स्वतःचे सुटीचे दिवस देत होती, घरून मिळणारा खर्च वाचवून पैसे भरत होती.

समस्या कशी समोर आली

सल्लागार समितीतील एका ज्येष्ठ भगिनीने, ज्या सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, एक अट घातली. कोणीतरी आधी जाऊन यावे, ज्यांच्या दारात पंगत मांडायची त्यांना विचारल्याशिवाय पाट मांडू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. अध्यक्षाला हा खर्च आणि वेळ अनाठायी वाटत होता, कारण होकार तर आलाच होता. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारी सचिव, खजिनदार मुलगी आणि त्या भगिनी असे तिघे पहाटेच्या कसारा लोकलने निघाले आणि पुढे जीपने घाट चढून खोडाळ्याच्या बाजूने पाड्यावर पोहोचले.

तिथे त्यांना जे दिसले आणि ऐकायला मिळाले, त्याने बेताचा जवळजवळ प्रत्येक भाग ढासळला. शाळेच्या भिंती आदल्याच वर्षी एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी रंगवल्या होत्या. त्यांच्या आधी आणखी एका गटाने रंगवल्या होत्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाड्यातली निम्म्याहून अधिक घरे कुलूपबंद असणार होती आणि मागे उरणार होते ते म्हातारे-कोतारे आणि काही मुले. वापरलेल्या कपड्यांचा ढीग समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडलेला होता. शहरातून आलेले घट्ट जीन्स आणि झिरझिरीत ओढण्या कोणी घालत नव्हते. आणि ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने, बोलणे संपत आल्यावर, शांतपणे विचारले की, तुम्ही चर्चचे लोक, ब्लँकेट दिल्यावर आम्हाला प्रार्थनेला बसवणार का.

परतताना त्या भगिनींनी शिक्षकांना विचारले, "गुरुजी, हे सगळं तुम्ही फोनवर का नाही सांगितलंत?" गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही एवढ्या लांबून मायेने येणार म्हणता, तर नको कसं म्हणायचं? आणि उद्या खरंच काही लागलं तर तुमच्याकडेच यावं लागेल."

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या उत्तरात आहे. तारीख, रंगकाम किंवा नाटिका या वरवरच्या अडचणी होत्या. खरी अडचण ही होती की संपूर्ण बेत अशा रीतीने आखला गेला होता की पाड्यातल्या कोणालाही त्याला नकार देण्याची सोय नव्हती. देणाऱ्याने वस्तू, दिवस आणि कार्यक्रम ठरवून मग विचारले, तर समोरचा माणूस भिडेखातर किंवा गरजेपोटी हो म्हणतो, आणि त्या होकारावरून त्याला काय हवे होते ते काहीच कळत नाही.

त्याच भेटीत एक गोष्ट मात्र पाड्याने आपणहून सांगितली होती. वस्तीच्या खाली एक ओहोळ आहे, त्याचे पाणी दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यात आटते. कृषी सहायकाने तिथे वनराई बंधारा, म्हणजे रिकाम्या पोत्यांत माती भरून ओहोळात रचलेला तात्पुरता बांध, घालण्याचे सुचवले होते. पण रिकामी पोती मिळत नव्हती आणि कापणीच्या दिवसांत हातही मोकळे नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी झालेली बैठक दुपारी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली. मूळ बेतच थोडाफार बदलून पुढे न्यावा, हा पहिला पर्याय अध्यक्ष आणि नाटिकेच्या मुलांनी मांडला. तालमी सुरू झाल्या होत्या, बसची आगाऊ रक्कम दिली होती. शिबिर रद्द करून सगळे पैसे तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावेत, असे काहींचे मत पडले. खर्चाच्या हिशेबाने हा पर्याय सर्वांत सरळ होता, कारण बसचे भाडे आणि जेवण यांवरच निम्म्याहून जास्त पैसा जाणार होता. मात्र तरुणांनी घाम गाळून काही करावे हा मूळ हेतू त्यात राहत नव्हता, आणि पाड्याशी जे बोलणे सुरू झाले होते तेही तिथेच तुटले असते. तिसरा पर्याय म्हणजे पाड्याने सांगितलेले काम, पाड्याला सोयीच्या दिवशी, पाड्याच्या देखरेखीखाली करायचे.

तिसऱ्या पर्यायाला खरा विरोध तारखेमुळे झाला नाही, तो धर्माच्या प्रश्नावरून झाला. गावात सुवार्तेचा एकही शब्द न बोलता यायचे तर आपण आणि एखादा क्लब यांत फरक काय, असे एका तरुणाने कळकळीने विचारले. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, याचीही त्याने आठवण करून दिली. त्याचा मुद्दा कोणी हसण्यावारी नेला नाही, आणि नेण्यासारखा तो नव्हताही.

उत्तर दिले ते मंडळीतील ऐंशीच्या घरातील एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा अहमदनगरकडील एका खेड्यात १८७६–७८ च्या दुष्काळानंतर झाला होता. त्या दुष्काळात मिशनऱ्यांनी मोठे मदतकार्य केले आणि त्याच काळात त्या भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्याही वाढली. श्रद्धेने आलेले आणि भुकेने आलेले यांत फरक करायला बाहेरचा कोणी थांबला नाही, आणि "धान्यासाठी धर्म बदलला" हा टोमणा पुढच्या तीन पिढ्यांनी शाळेत, पाणवठ्यावर आणि कचेरीत ऐकला. ते गृहस्थ म्हणाले, "माझे पणजोबा विश्वासाने आले होते. पण लोकांनी ते कधीच मानलं नाही, कारण एका हातात भाकर होती. त्या पाड्यावरच्या कोणाच्या नातवंडाला हे ऐकावं लागू नये." बोलण्याचा अधिकार आपल्याला आहेच, पण मदत आणि उपदेश एकाच संध्याकाळी, एकाच हाताने दिले की घेणाऱ्याला उपदेश नाकारता येत नाही, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले तेव्हापासूनच्या आपल्या इतिहासात शाळा आणि रुग्णालये यांचे जे श्रेय आहे तेही याच प्रश्नाने अनेकदा झाकोळले गेले, हे त्यांनी कोणताही आव न आणता सांगितले.

मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी त्यावर निर्णय दिला : पाड्यावर धार्मिक कार्यक्रम, पत्रके, गाणी किंवा नाटिका काहीही होणार नाही, संघाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना मुक्कामाच्या ठिकाणी, आपापल्यात होईल, आणि कोणी विचारले तर आपण कोण आहोत हे न लपवता सांगायचे. नाटिका मंडळीतच नाताळात होईल.

तारखेचा तिढा

वनराई बंधारा पाऊस थांबल्यावर, पण ओहोळ वाहता असतानाच घालावा लागतो. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. पाड्याच्या बाजूने पाहिले तर ऑक्टोबरभर हळव्या आणि गरव्या (लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या) भाताची कापणी, मग झोडणी, मग दिवाळी आणि दिवाळीनंतर लगेच मुकादम माणसे न्यायला येतात. या सगळ्यांत मोकळी जागा उरत होती ती दिवाळीनंतरच्या चार-पाच दिवसांची. ते दिवस मुंबईतल्या संघासाठी सर्वांत अडचणीचे होते, कारण कॉलेजच्या अनेकांच्या सत्रपरीक्षा त्याच सुमारास होत्या. शाळकरी मुलांना सुटी होती, पण अल्पवयीन मुलांची जबाबदारी मोठी.

संघाने पाड्याचे दिवस स्वीकारले. त्यामुळे येणाऱ्यांची संख्या पस्तीसवरून बावीसवर आली आणि नाराजीही झाली. शिबिराची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली होती त्यांतील दोघांना परीक्षेमुळे येता आले नाही. रविवारची उपासना चुकू नये म्हणून गुरुवारी पहाटे निघून शनिवारी रात्री परतायचे ठरले.

केलेली कार्यवाही

पैशांचा प्रश्न आधी सोडवणे आवश्यक होते. ब्लँकेटांसाठी म्हणून दिलेले दान परस्पर बंधाऱ्याकडे वळवणे योग्य नव्हते. खजिनदार मुलीने प्रत्येक दात्याला स्वतः भेटून किंवा दूरध्वनी करून बदललेला बेत सांगितला आणि रक्कम परत घेण्याचा पर्यायही दिला. बहुतेकांनी संमती दिली. आजीच्या स्मरणार्थ रक्कम देणाऱ्या कुटुंबाने मात्र ब्लँकेटेच द्यावीत असे सांगितले. त्यावर पाड्यातील बचत गटाच्या बायकांना विचारले असता त्या म्हणाल्या की ब्लँकेटे हवी आहेत, पण इथे घरात नव्हे, वीटभट्टीवर. तिथे गवताच्या खोपटात थंडी फार लागते. म्हणून ती वाटायची झाल्यास माणसे बाहेर पडण्यापूर्वी, दर घरटी एक, बचत गटाकडून वाटली जावीत आणि संघाच्या कोणी तिथे उभे राहू नये, असे ठरले. ही सूचना बायकांची होती आणि तीच मान्य झाली.

पोती मुंबईने पुरवली. परळ-लालबाग भागात चाळींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती मागून, झटकून, बांधून संघाच्या मुलांनी मंडळीच्या आवारात रचली. सिमेंटची पूड हाताला आणि डोळ्यांना चावते, म्हणून हे काम हातमोजे घालून आणि नाकाला फडके बांधून केले. पोती टेम्पोने आधीच रवाना केली.

परवानगीच्या बाबतीत एक वळण आले. पाड्याने प्रथम दाखवलेली जागा वनविभागाच्या हद्दीत निघाली. तिथे परवानगीला वेळ लागला असता, आणि परवानगीविना काम केले असते तर त्याचा त्रास आपण निघून गेल्यावर पाड्याला झाला असता. "दोन दिवसांचं तर काम, कोण बघतंय" असे सुचवणारेही होते; सचिवाने ते ठामपणे नाकारले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीबाबत जो अधिकार दिला आहे त्याला धरून पाड्याच्या ग्रामसभेत विषय मांडला गेला आणि जागा थोडी खाली, एका शेतकऱ्याच्या शेताच्या कडेला, त्याच्या संमतीने ठरली. ग्रामपंचायतीचे पत्र आणि कृषी सहायकाची पाहणी या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी हातात होत्या. जागा बदलल्याने पाण्याचा साठा काहीसा कमी होणार होता, हे सर्वांना आधी सांगण्यात आले.

सोळा वर्षांखालील कोणाला नेले नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची लेखी संमती, आजार आणि औषधांची माहिती घेतली. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, तेव्हा हे नियम पाड्यातील मुलांइतकेच आपल्याच मुलांसाठीही होते. मुलामुलींच्या झोपण्याची वेगळी व्यवस्था, दोन प्रौढ स्त्रिया कायम सोबत, पाड्यातील कोणत्याही मुलासोबत एकट्याने थांबायचे नाही आणि मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत. शेवटच्या नियमावर कुरकुर झाली. डोंगरावरील प्रवचनातील गुप्त दानाची शिकवण पाळकसाहेबांनी त्या निमित्ताने पुन्हा वाचून दाखवली. मुक्काम पाड्यावर न करता खोडाळ्याच्या बाजूला एका सभागृहात केला, कारण बावीस माणसांच्या पाण्याचा आणि शौचालयाचा भार पाड्यावर टाकणे बरोबर नव्हते. कापणीनंतर शेतांत सापांचा वावर असतो, म्हणून पायात बंद बूट सक्तीचे केले आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय यांच्या वाटा गाडीचालकाला आधीच दाखवून ठेवल्या.

ओहोळावरचे दिवस

काम सुरू होण्यापूर्वी पाड्याच्या वडीलधाऱ्यांनी ओहोळाच्या काठी पूजा करून नारळ फोडला. असे होईल हे पाळकसाहेबांनी आधीच ओळखले होते. पूजेत भाग घ्यायचा नाही, पण आदराने, पादत्राणे काढून बाजूला उभे राहायचे, असे ठरले होते. खोबऱ्याचा प्रसाद हातावर आला तेव्हा काही मुले गडबडली. पौलाने करिंथ येथील मंडळीला मूर्तीपुढील नैवेद्याविषयी जे लिहिले त्यावरून त्यांच्या घरांत वेगवेगळी मते होती. ज्येष्ठ भगिनींनी प्रत्येकाने आपल्या विवेकाप्रमाणे वागावे, मात्र हात झिडकारू नये, एवढेच हळूच सांगितले. कोणी खाल्ला, कोणी हातात घेऊन ठेवला. पाड्यातल्या एका आजोबांच्या ते लक्षात आले असावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलांना प्रसादाऐवजी काकड्या आणून दिल्या.

पहिल्या दुपारी काम बिघडले. शहरातल्या मुलांनी उत्साहाच्या भरात पोती गच्च भरली आणि रांगेने रचत सुटली. पोते गच्च भरले की ते दगडासारखे टणक राहते, शेजारच्या पोत्याशी बसत नाही आणि फटी राहतात. कृषी सहायकाने आणि पाड्यातील दोन अनुभवी माणसांनी रचलेले दोन्ही थर काढायला लावले. मग तळातला गाळ आणि सुटे दगड कातळापर्यंत साफ केले, पोती दोन-तृतीयांश भरून दाभण-सुतळीने शिवली, वीटकामात सांधे मोडतात तशी एका थराची जोडणी वरच्या थराच्या पोटाखाली आणली, तळाची रुंदी वरच्यापेक्षा बरीच जास्त ठेवली आणि थरांमध्ये चिकण माती ठासली. जादा पाणी जायला एका अंगाला सांडवा ठेवला. काढून पुन्हा रचण्यात अर्धा दिवस गेला. तरी त्या अर्ध्या दिवसातच मुले पाड्यातल्या माणसांचे ऐकायला लागली, असे सचिवाने अहवालात लिहिले आहे आणि मला ते पटते. तोवर कामाची सूत्रे नावालाच पाड्याकडे होती.

शुक्रवारी दुपारनंतर पाड्यातील बायका झोडणी आटोपून आल्या आणि माणसांची साखळी दुप्पट लांब झाली. शनिवारी दुपारपर्यंत बंधारा कंबरेइतका झाला आणि मागे पाणी तुंबू लागले.

परिणाम

बंधाऱ्यामागे फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पाणी राहिले, असे गुरुजींनी कळवले. गुरांना पाणी, कपडे धुणे आणि काठावरच्या काही कुटुंबांचा वाल आणि हरभरा यांसाठी ते उपयोगी पडले. शेजारच्या विहिरीची पातळी काही आठवडे बरी राहिली असे पाड्यातले लोक म्हणतात. मोजमाप कोणी केलेले नाही. डिसेंबरात एका कडेने गळती लागली, ती मागे राहिलेल्या माणसांनी स्वतः बुजवली. उन्हाळ्याच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न यातून सुटला नाही. एप्रिलमध्ये टँकर आलाच, आणि बायकांना झिऱ्यावर रांग लावावी लागलीच. वनराई बंधारा पुढच्या पुरात वाहून जातो, तो त्याच समजुतीने बांधलेला असतो. हे मंडळीतील दात्यांना स्पष्ट लिहून कळवण्यात आले, कारण काहींची समजूत आपण गावाला कायमचे पाणी दिले अशी झाली होती.

काम केलेल्यांपैकी काही जणांनी परतल्यावर मध्य वैतरणाचे पाणी आपल्या नळाला कसे येते आणि धरणाच्या तालुक्यात टँकर का फिरतो, यावर अभ्यासगट सुरू केला. तो अजून चालू आहे.

काय वेगळे करता आले असते

पूर्वपाहणी जुलैच्या बैठकीआधी व्हायला हवी होती. दान गोळा झाल्यावर, बसची आगाऊ रक्कम भरल्यावर आणि तालमी सुरू झाल्यावर बेत बदलणे किती जड जाते, हे ऑक्टोबरच्या बैठकीत दिसले. ती ज्येष्ठ भगिनी अडून बसली नसती तर मूळ बेतच पार पडला असता, यात मला शंका नाही. एका व्यक्तीच्या आग्रहावर इतके अवलंबून राहणे योग्य नाही, म्हणून संघाने आता नियम केला आहे की पाहणीचा लेखी वृत्तांत आल्याशिवाय आवाहन करायचे नाही.

दुसरे, होकार एकाच माणसाकडून घेतला गेला होता. गुरुजी सज्जन होते, पण ते पाड्याचे नव्हते. बदली झाली की जाणारे होते. बायकांना वेगळे बसवून विचारले तेव्हाच ब्लँकेटांविषयीची खरी गोष्ट कळली.

जेवणाची व्यवस्था मला अजून खटकते. तीन दिवसांचे दुपारचे जेवण बचत गटाला पैसे देऊन करायला सांगितले होते. पैसे रास्त दिले, वेळेवर दिले. परंतु काही घरांची झोडणी अजून उरलेली असताना चार-पाच बायका दिवसभर चुलीपाशी अडकल्या आणि त्यांच्या घरच्या खळ्यावरचे काम मागे पडले. बचत गटानेही याला नाही म्हटले नव्हते, आणि इथेही नाही म्हणणे त्यांना सोपे होते का, हे कोणी तपासले नव्हते. मुंबईहून आचारी आणि शिधा नेता आला असता.

खर्चाबद्दल मतभेद कायम आहेत. बसभाड्याच्या पैशांत किती पोती, किती सुतळी आणि पाड्यातल्याच किती माणसांची मजुरी भागली असती, हा हिशेब खजिनदाराने मांडून ठेवला आहे. तरुणांवर झालेला परिणाम त्यात धरायचा की नाही, यावर समितीत दोन तट आहेत. मी तो धरावा या मताचा आहे, पण पाड्याच्या नावाने गोळा केलेल्या पैशांतून नव्हे. प्रवासखर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि कामाचा खर्च दानातून, अशी दोन वेगळी खाती असावीत.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात संघाने पाड्याला पुन्हा विचारले. ग्रामसभेत चर्चा होऊन ग्रामपंचायतीमार्फत उत्तर आले की बंधारा या वर्षीही घालायचा आहे, पण माणसे पुरेशी आहेत आणि गेल्या वर्षी पाहुण्यांच्या व्यवस्थेत वेळ गेला. तेव्हा पोती, सुतळी आणि दाभणे पाठवावीत, माणसे पाठवू नयेत. या उत्तराने संघातील काही जण दुखावले. समितीने ते जसेच्या तसे मान्य केले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोत्यांचा टेम्पो गेला, सोबत फक्त चालक आणि सचिव होते, आणि माल उतरवून ते त्याच संध्याकाळी परतले.